‘इट इज वेल’ची चाल आणि फिलिप ब्लिस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही चाल नेमकी कुठली? शब्द आणि चाल एकाच माणसाचे आहेत का?

नाहीत. ‘इट इज वेल विथ माय सोल’ या इंग्रजी सुवार्तागीताचे शब्द शिकागोचे वकील होरेशिओ स्पॅफर्ड यांचे आणि चाल फिलिप पॉल ब्लिस यांची. दोघं एकमेकांना ओळखत होते. सुवार्तिक ड्वाइट मूडी यांच्याभोवती शिकागोत जो गोतावळा जमला होता, त्यातलेच दोघंही. शब्द आणि चाल मिळून छापले गेले ते १८७६ साली, ‘गॉस्पेल हिम्स नंबर टू’ या पुस्तकात. त्याचे संपादक ब्लिस आणि मूडींच्या सभांतले गायक आयरा सँकी.

तिसऱ्या कडव्याच्या पहिल्याच ओळीत ‘ब्लिस’ हा शब्द येतो. तो ‘परमानंद’ या साध्या अर्थाने आला आहे, संगीतकाराचं नाव गुंफलेलं नाही. हा प्रश्न इतक्या वेळा येतो, की इथंच निकालात काढलेला बरा.

गीताचं नाव एक आणि चालीचं नाव दुसरंच, असं का?

इंग्रजी भजनसंग्रहांत प्रत्येक चालीला स्वतंत्र नाव असतं, कारण एकच चाल अनेक गीतांना लागते. आपल्याकडे जुन्या पदांच्या माथ्यावर ‘चाल: अमुक’ असं छापतात, तसाच हा प्रकार. या चालीचं नाव ‘व्हिल द्यू आव्र’. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ ‘आव्र शहर’, पण इथं ते एका जहाजाचं नाव आहे. रोमन लिपीत त्यात ‘एच’ दिसतो म्हणून ‘हाव्रे’ म्हणायचा मोह होतो. फ्रेंचमध्ये तो ‘एच’ मुका आहे.

हे फ्रेंच प्रवासी जहाज न्यूयॉर्कहून फ्रान्सकडे निघालं होतं. २२ नोव्हेंबर १८७३ च्या पहाटे अटलांटिकमध्ये ‘लॉक अर्न’ या लोखंडी शिडाच्या जहाजाशी त्याची टक्कर झाली आणि साधारण बारा मिनिटांत ते बुडालं. २२६ माणसं गेली. त्यांत स्पॅफर्ड यांच्या चार मुली होत्या: अ‍ॅनी, मॅगी, बेसी आणि टॅनेटा. पत्नी अ‍ॅना तेवढ्या वाचल्या. वेल्समधल्या कार्डिफला उतरल्यावर त्यांनी नवऱ्याला केलेल्या तारेत सुरुवातीलाच होतं, ‘एकटीच वाचले’. ऐन वेळी निघालेल्या धंद्याच्या कामामुळे स्पॅफर्ड शिकागोत मागे राहिले होते.

शब्दांत जहाजाचा उल्लेख कुठंच नाही, खवळलेल्या समुद्राची उपमा तेवढी आहे. अपघाताची खूण राहिली ती चालीच्या नावात.

स्पॅफर्ड यांनी हे गीत जहाज बुडालं त्याच जागेवरून जाताना लिहिलं, हे खरं का?

प्रवचनांत हे हमखास सांगितलं जातं, पण ते ठामपणे सांगू नये. पुरावे दोन दिशांना ओढतात.

तार मिळाल्यावर स्पॅफर्ड अ‍ॅनांना आणायला निघाले, एवढं पक्कं. जहाज त्या जागेवरून गेलं तेव्हा त्यांनी घरच्या नातेवाइकांना पत्र लिहिलं, की इथं पाणी तीन मैल खोल आहे, पण आपल्या लेकरांचा विचार करताना मला ती तिथं दिसत नाहीत. हे पत्र खरं आहे. गीत त्याच प्रवासात सुचलं, ही आठवण नंतर जन्मलेल्या त्यांच्या मुलीने, बर्था यांनी नोंदवली. उलट सँकी यांनी लिहून ठेवलंय, की १८७६ मध्ये आपण स्पॅफर्ड यांच्या घरी पाहुणे होतो, तेव्हा त्यांनी हे गीत लिहिलं. हस्तलिखित उपलब्ध आहे, आणि ते शिकागोच्या ‘ब्रेव्होर्ट हाउस’ या हॉटेलच्या कागदावर आहे, जहाजाच्या नव्हे. आधी सुचलं आणि नंतर कागदावर उतरलं, असंही होऊ शकतं. पाळकांनी आणि निवेदकांनी ‘मुली गमावल्यानंतर लिहिलेलं गीत’ एवढंच म्हणावं. ते शंभर टक्के खरं आहे आणि त्याला मिठाची गरज नाही.

हस्तलिखितात आणि आजच्या छापील पाठात थोडा फरक आहे. पहिल्या कडव्यात आज ‘म्हणायला शिकवलंस’ या अर्थाचे शब्द आहेत, तिथं स्पॅफर्ड यांनी ‘जाणायला शिकवलंस’ असं लिहिलं होतं.

चाल कितपत अवघड आहे?

सूर सोपे, लय सोपी. तरी दहापैकी आठ ठिकाणी बिघडते, कारण सगळे तिला शोकगीत समजून ओढत नेतात. मूळ ४/४ मध्ये आहे. मिनिटाला ७२ ते ८० ठोके हा वेग आम्हाला योग्य वाटतो; चार कडवी साडेचार-पाच मिनिटांत संपतात. ६० च्या खाली गेलात की ध्रुवपदातले लांब सूर श्वासात मावत नाहीत, लोक मध्येच तोडतात, आणि मग मंडळी दमली असं वाटतं. मंडळी दमत नाही, वेगच चुकलेला असतो.

पहिल्या ओळीचे स्वर सरगममध्ये मिळतील का?

मिळतील. उभ्या रेघेनंतरचा स्वर मात्रेच्या जोरावर आहे आणि आडवी रेघ म्हणजे आधीचा स्वर आणखी एक मात्रा धरायचा:

प | प – म ग | ग – रे ग | म – ध प | ग – –

दुसरी ओळ याला लागूनच उचलते: प | सां – नि ध … आणि तिथून पंचमावर येऊन थांबते.

या एका ओळीत दोन चुका ठरलेल्या. एक, तिसऱ्या गटातली म-ध ही उडी. आपला गळा मधला पंचम भरून ‘म प ध प’ करतो. एकट्याने गाताना ते गोडही लागतं, पण वीस जणांतल्या आठांनी पंचम घेतला आणि बारांनी नाही, तर नुसता चिखल होतो. दोन, ‘ग रे ग’ इथं मींड. रे वर घसरत यायचं नाही, स्वच्छ पाय ठेवायचा. मुरक्या, खटके घ्यायचेच असतील तर एकल कडव्यात घ्या. सगळे मिळून गाताना नको.

पट्टी कोणती धरावी?

जुन्या इंग्रजी पुस्तकांत ही चाल बऱ्याचदा डी-फ्लॅटमध्ये असते, म्हणजे आपली काळी एक. पेटीवाल्यांना हे ऐकून बरं वाटतं. सी म्हणजे पांढरी एक, तीही चालते. तिसऱ्या ओळीच्या आरंभी चाल तार सप्तकात शिरते, आणि पट्टी ठरवायची ती त्या जागेवरून. पहिल्या ओळीवरून ठरवाल तर फसाल, कारण पहिली ओळ कुठल्याही पट्टीत आरामात जाते. सकाळी आठच्या उपासनेला, किंवा मंडळीत वयस्कर जास्त असतील तर, पांढरी एक. दफनविधीच्या वेळी काळी पाचपर्यंत खाली उतरलं तरी हरकत नाही. रडून बसलेला गळा वर चढत नाही.

काळी एकमध्ये पहिल्या ओळीचे स्वर पेटीवर असे पडतात: प काळी चार, म काळी तीन, ग पांढरी चार, रे काळी दोन, ध काळी पाच. वरचा सा पुढच्या सप्तकातली काळी एक आणि त्याआधीचा नि तिथलीच पांढरी एक.

दुसऱ्या ओळीच्या शेवटी पेटी आणि गाणं जुळत नाही. कुठं चुकतं?

तीव्र मध्यमावर. दुसऱ्या ओळीत ब्लिस चाल पंचमाकडे वळवतात, आणि तिथं नेणारा जो स्वरमेळ आहे त्यात रे, तीव्र म आणि ध हे स्वर येतात. पेटीवाल्याचं बोट सवयीने शुद्ध मध्यमावर जातं. काळी एकमध्ये सांगायचं तर काळी तीनऐवजी पांढरी पाच दाबायची. एवढं केलं की ओळ पंचमावर अलगद उतरते. शुद्ध मध्यम दाबलात तर ती उतरत नाही, नुसती थांबते, आणि गाणाऱ्यांना आपलंच काहीतरी चुकलं असं वाटत राहतं.

गिटारवाल्यांसाठी: पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा आणि सी, एफ, जी, ए-मायनर, डी-सेव्हन हे आकार वापरा. आवाज डी-फ्लॅटचा येईल. डी-सेव्हनच्या जागी डी-मायनर वाजवू नका. तीच तीव्र मध्यमाची चूक दुसऱ्या वाद्यावर होते.

तबला किंवा ढोलक लावायचा तर ठेका कोणता? सम कुठं?

साधा केरवा, भरीव नको, दबता. खरी अडचण ठेक्याची नाहीच, उठावाची आहे. पहिला शब्द समेवर नसून समेच्या आधीच्या मात्रेवर आहे. केरव्याच्या आठव्या मात्रेवर पहिलं अक्षर, आणि दुसऱ्या अक्षरावर सम. तबलजीने गाणाऱ्यांच्या पहिल्या अक्षराला ‘धा’ दिला की पूर्ण गाणं एका मात्रेने सरकतं, आणि ते लक्षात येतं थेट ध्रुवपदात, जेव्हा सावरायला वेळ नसतो. उपाय सोपा: ठेक्याचं एक आवर्तन आधी वाजू द्या, सहा-सात मोजा, आठला उचला.

चर्च मोठं असेल आणि आवाज घुमत असेल तर ठेका न लावणंच बरं.

ध्रुवपदात पुरुष काय गातात? आम्ही सगळे एकत्रच गातो, ते चूक आहे का?

चूक नाही, पण चालीतली सगळ्यात चांगली गोष्ट हातची जाते.

ध्रुवपद प्रतिध्वनीवर उभं आहे. सोप्रानो आणि आल्टो, म्हणजे बायकांचे वरचे आणि खालचे आवाज, ‘इट इज वेल’ म्हणून शेवटचा सूर धरून ठेवतात. तो सूर चालू असतानाच टेनर-बेस, म्हणजे पुरुषांचे वरचे आणि खालचे आवाज, खालून तेच शब्द परत म्हणतात. मग ‘विथ माय सोल’ पुन्हा तसंच. त्यानंतर शेवटची पूर्ण ओळ चौघं एकत्र. म्हणजे दोन हाका, दोन प्रतिसाद, मग मेळ.

इथं तीन गोष्टी बिघडतात. बायकांचा धरलेला सूर पुरुष आत येताच सुटतो, कारण ‘आपलं झालं’ असं वाटतं. त्यांनी पुरुषांचं शेवटचं अक्षर कानावर पडेपर्यंत सूर सोडायचा नाही. पुरुष आपली पाळी असल्याच्या उत्साहात जोरात घुसतात. प्रतिसाद नेहमी हाकेपेक्षा एक पायरी हळू. आणि शेवटच्या एकत्र ओळीआधी सगळे एकाच क्षणी श्वास घेतात, त्यामुळे खड्डा पडतो. बायकांनी तिथं आळीपाळीने श्वास घ्यावा, निम्म्यांनी एक मात्रा आधी.

माणसं किती हवीत? आठांत होतं: तीन सोप्रानो, दोन आल्टो, एक टेनर, दोन बेस. पुरुष नसतील तर प्रतिसाद संडे स्कूलच्या मुलांकडून करून घ्या. ऐकायला फार छान लागतो. तीही नसतील तर पेटीवर वाजवा आणि गाणाऱ्यांनी सूर धरून ठेवावा. तालीम घेताना आधी ध्रुवपद बसवा, मग कडवी. उलट केलं तर वेळ संपतो आणि ध्रुवपद कच्चं राहतं.

चारही कडवी सारखीच गायची का? वेळ नसेल तर कुठलं गाळावं?

सारखी गाऊ नका. पहिलं मध्यम आवाजात, दुसरं थोडं दबून. तिसऱ्यात वाक्य लांब आहे: पहिल्या ओळीत ‘माझं पाप’ येतं, पण ते क्रुसावर खिळलं गेलं हे क्रियापद थेट तिसऱ्या ओळीत. त्यामुळे दुसऱ्या ओळीच्या शेवटी वाक्य संपल्यासारखं खाली उतरवायचं नाही. चौथ्यात कर्णा वाजतो, प्रभू उतरतो, तिथं पूर्ण आवाज. मग शेवटच्या ओळीत एकदम हळू. अनेक क्वायर शेवटही जोरात करतात. टाळ्या मिळतात, पण शब्द उलटं सांगत असतात.

गाळायचंच असेल तर लोक तिसरं गाळतात, कारण ते पापाबद्दल आहे आणि दफनविधीला अवघड वाटतं. आमचं मत असं, की दुसरं गाळावं. तिसरं काढलं की गीत नुसतं सांत्वनाचं उरतं. स्पॅफर्ड यांना समाधान कशामुळे लाभलं ते त्याच कडव्यात आहे.

या चालीवर मराठी शब्द बसवायचे आहेत. मोजमाप काय?

इंग्रजी हिशेबात ११, ८, ११, ९ अक्षरं आणि पुढे ध्रुवपद. पण नुसती अक्षरं मोजून मराठीत भागत नाही, लघु-गुरू बघावे लागतात.

या चालीची पहिली आणि तिसरी ओळ म्हणजे जवळजवळ आपलं तोटक वृत्त. तोटकात चार सगण, ‘ल ल गा’ (लघु, लघु, गुरू) चार वेळा, बारा अक्षरं. त्यातलं पहिलं लघु काढलं की अकरा उरतात, आणि ती या ओळीवर चपखल बसतात: ल गा, ल ल गा, ल ल गा, ल ल गा. चालीत दर गटाचा पहिला स्वर दोन मात्रांचा आणि पुढचे दोन एकेका मात्रेचे. गुरू तिथं दोन मात्रांवर येतो. चौथी ओळ म्हणजे शुद्ध तीन सगण, नऊ अक्षरं.

नमुन्यादाखल पहिल्या ओळीचं माप:

प्रभू तुजला स्मरतो हृदयी

आणि चौथ्या ओळीचं:

निवले, निवले मन हे

‘निवले’ घेण्यामागे कारण आहे. इंग्रजीतल्या तीन अक्षरांत शेवटचं लांब धरलं जातं, तसं इथं ‘ले’ धरता येतं, आणि ‘हे’सुद्धा. ‘बरे आहे’ घ्याल तर चार अक्षरं होतात. ‘कुशल’ घ्याल तर तीन होतात, पण तिन्ही लघु. शेवटचा ‘ल’ सहा मात्रा ताणावा लागतो आणि ‘कुशलऽऽ’ असं हास्यास्पद ऐकू येतं. लांब सुराखाली आ, ए, ओ यांपैकी स्वर हवा. ‘ई’ चालते, पण वरच्या पट्टीत गळा आवळतो. जोडाक्षर लघूच्या जागी येणार असेल तर त्यामागचं अक्षर गुरू होतं, हे विसरू नका. भाषांतरित गीतं अडखळतात ती बहुतेक याच कारणाने.

शिवाय एक बाब. मराठी ख्रिस्ती गीतपरंपरेत रेव्हरंड नारायण वामन टिळकांपासून ओवी-अभंगाची वाट आहे, आणि पाश्चात्त्य चालींवर रचलेल्या गीतांची वाट वेगळी. या चालीचे शब्द अभंगात ओतून मग चालीवर ओढू नका. दोन्हींचं नुकसान होतं.

ब्लिस यांचं संगीताचं शिक्षण कुठं झालं?

तुकड्यातुकड्यांत. जन्म ९ जुलै १८३८, पेनसिल्व्हेनियातल्या क्लिअरफील्ड परगण्यात, लाकडी खोपटात. वडील धार्मिक आणि गाणारे. अकराव्या वर्षी पोरगा घर सोडून लाकूडतोडीच्या छावण्यांवर आणि शेतांवर कामाला लागला, मिळेल तशी शाळा शिकला. पुढे स्वतः मास्तर झाला. १८५७ मध्ये टोवांडा इथं जे. जी. टाउनर यांच्याकडे गायनाचे पहिले रीतसर धडे मिळाले, आणि त्याच सुमारास संगीतकार विल्यम ब्रॅडबरी यांच्या संमेलनात जायला मिळालं. पुढच्या वर्षी रोम नावाच्या गावातल्या शाळेत नोकरी. हे पेनसिल्व्हेनियातलं रोम, इटलीतलं नव्हे. ‘ब्लिस रोममध्ये राहत’ हे वाचून गोंधळ होतो. तिथल्याच ल्यूसी यंग यांच्याशी १ जून १८५९ ला लग्न झालं.

१८६० मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या जेनेसिओच्या संगीत शिबिरात सहा आठवडे. त्यानंतर एक घोडा आणि वीस डॉलरचं मेलोडियन घेऊन गावोगाव गाणं शिकवत हिंडणं. मेलोडियन म्हणजे भात्यावर चालणारी, पट्ट्यांची पेटी, आपल्या हार्मोनियमची आतेबहीण म्हणा. ब्लिस यांच्या चाली भात्याच्या वाद्यावर इतक्या सहज का बसतात, याचं उत्तर बहुधा यातच आहे.

मग शिकागोला कसे गेले?

बासरीमुळे, असं म्हटलं तरी चालेल. त्यांनी ‘रूट अँड केडी’ या शिकागोच्या संगीत प्रकाशकांना एक गाणं पाठवलं आणि मोबदल्यात बासरी मागितली. बासरी आली. १८६४ मध्ये ते शिकागोत याच कंपनीसाठी काम करू लागले, मैफली आणि संगीत शिबिरं घेत. १८६९ मध्ये मूडींशी ओळख झाली. मूडींच्या सभेत गाणारा चांगला नव्हता, आणि गर्दीतून एक भारदस्त आवाज नेमका सुरात येत होता. दारावर उभ्या मूडींनी तो माणूस हेरला. पुढे ब्लिस शिकागोच्या फर्स्ट काँग्रिगेशनल चर्चमध्ये क्वायर आणि संडे स्कूल सांभाळू लागले. हा काँग्रिगेशनल पंथ म्हणजे ज्यांचं अमेरिकन मराठी मिशन मुंबई-अहमदनगरला काम करत होतं, त्यांचाच.

मार्च १८७४ मध्ये वॉकीगन इथल्या सभांनंतर त्यांनी शिबिरांचं उत्पन्न सोडलं आणि मेजर डॅनियल व्हिटल यांच्यासोबत पूर्णवेळ सुवार्ताकार्याला लागले. व्हिटल बोलायचे, ब्लिस गायचे. त्याच वर्षी ‘गॉस्पेल साँग्स’ हे त्यांचं पुस्तक निघालं. त्याची रॉयल्टी सुमारे ३०,००० डॉलर झाली आणि ती त्यांनी सभांच्या कामाला दिली, असं चरित्रांत येतं.

त्यांच्या दुसऱ्या कुठल्या चाली माहीत असाव्यात?

‘होल्ड द फोर्ट’ (१८७०), ‘ऑलमोस्ट परस्वेडेड’ (१८७१), ‘लेट द लोअर लाइट्स बी बर्निंग’ (१८७१), ‘वंडरफुल वर्ड्स ऑफ लाइफ’ (१८७४), ‘हॅलेलूया, व्हॉट अ सेव्हियर’ (१८७५). यांचे शब्दही त्यांचेच. ‘इट इज वेल’ या रांगेत वेगळं पडतं, कारण इथं शब्द दुसऱ्याचे आहेत आणि बहुधा म्हणूनच चाल नेहमीपेक्षा संथ, कमी उड्या मारणारी आहे. ब्लिस एरवी कूच करायला लावतात.

‘इट इज वेल’ पहिल्यांदा कधी गायलं गेलं?

२४ नोव्हेंबर १८७६, शुक्रवार. शिकागोच्या फारवेल हॉलमध्ये मूडींनी पाळकांची मोठी सभा बोलावली होती, तिथं ब्लिस यांनी स्वतः गायलं. त्यानंतर बरोबर पाच आठवड्यांनी, शुक्रवारीच, ते गेले.

ब्लिस यांचा मृत्यू कसा झाला?

ल्यूसी आणि ते नाताळसाठी रोमला गेले होते. दोन लहान मुलगे तिथंच नातेवाइकांकडे ठेवून ते शिकागोला परतत होते. ३१ डिसेंबरला मूडींच्या सभागृहात त्यांना गायचं होतं. २९ डिसेंबर १८७६ च्या संध्याकाळी साडेसातच्या सुमारास, हिमवादळात, त्यांची गाडी ‘पॅसिफिक एक्स्प्रेस’ ओहायोतल्या अ‍ॅश्टब्युला नदीच्या पुलावर आली. दोन इंजिनं, अकरा डबे. पुढचं इंजिन ‘सॉक्रेटिस’ पार झालं आणि त्याच्यामागे पूल कोसळला. बाकी गाडी सुमारे ७० फूट खाली दरीत गेली. डब्यांत उबेसाठी शेगड्या होत्या, तेलाचे दिवे होते. लाकडी डब्यांनी पेट घेतला. ९२ जण मरण पावले. त्या शतकातल्या अमेरिकेतल्या सर्वांत भीषण रेल्वे अपघातांपैकी तो एक.

पूल १८६५ चा, लाकडी पुलांसाठी आखलेल्या ‘हाउ’ पद्धतीचा, पण अख्खा लोखंडात केलेला. चौकशीत या रचनेवरच ठपका आला.

ते खिडकीतून बाहेर पडले होते आणि पत्नीला वाचवायला परत आत गेले, हे खरं ना?

ही कथा अपघातानंतर लगेच पसरली, पण तिला भक्कम साक्ष नाही. दोघांचे मृतदेहही ओळखता आले नाहीत. ‘असं सांगितलं जातं’ एवढं म्हणून पुढे जावं.

त्यांची कबर कुठं आहे?

स्वतंत्र कबर नाही. ओळख न पटलेल्यांना अ‍ॅश्टब्युलाच्या चेस्टनट ग्रोव्ह दफनभूमीत एकत्र पुरलं. तिथल्या १८९५ च्या स्तंभावर नावं आहेत. रोम गावातही त्यांचं स्मारक आहे आणि ते राहत ते घर आता संग्रहालय आहे.

ट्रंकेतल्या गीताची गोष्ट काय?

ब्लिस यांचं सामान दुसऱ्या गाडीने पुढे गेलं होतं, म्हणून वाचलं. त्यात ‘आय विल सिंग ऑफ माय रिडीमर’चे शब्द सापडले, असं सांगतात. चाल नव्हती. ती जेम्स मॅकग्रॅनहन यांनी बांधली, १८७७ मध्ये. व्हिटल यांच्या सभांत ब्लिस यांची जागाही त्यांनीच घेतली. त्यामुळे कार्यक्रमपत्रिकेत त्या गीतापुढे ‘संगीत: ब्लिस’ छापू नका, ही चूक वरचेवर दिसते.

गाण्यासाठी, छापण्यासाठी किंवा रेकॉर्ड करण्यासाठी परवानगी लागते का?

मूळ शब्दांना आणि चालीला नाही. ब्लिस १८७६ मध्ये गेले आणि स्पॅफर्ड १८८८ मध्ये जेरुसलेमला. भारतातला स्वामित्वहक्क मृत्यूनंतर ६० वर्षांचा. मात्र अलीकडे कुणी केलेली चौपदरी मांडणी, नवं जोडलेलं ध्रुवपद, वाद्यवृंदाची तयार ट्रॅक किंवा अलीकडचं मराठी भाषांतर यांवर हक्क असू शकतात. यूट्यूबवर टाकताना आक्षेप येतो तो बहुतेक तयार ट्रॅकमुळे. पेटी स्वतः वाजवलीत आणि चाल जुन्या छापील पुस्तकातून घेतलीत तर प्रश्न उरत नाही. तरीही यंत्राने चुकून आक्षेप नोंदवला, तर उत्तरात चालीचं नाव, संगीतकाराचं मृत्युवर्ष आणि १८७६ चं पुस्तक, एवढं लिहून पाठवा.